सर्व्हो हलला की बोर्ड रिस्टार्ट होतोय? कोड मोडायच्या आधी हे करून बघा

बोर्ड मधेच का रिस्टार्ट होतो, असं विचारणारी तुमची पोस्ट म्हणजे जणू किटवाल्यांशी झालेला माझाच जुना पत्रव्यवहार. अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चढवायचा छोटा बोर्ड), अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), छोटा सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर), हात जवळ नेला की उघडणारं झाकण. सेन्सर एकटा नीट, सर्व्हो एकटा नीट, आणि दोघं एकत्र आले की बोर्ड मधेच पहिल्यापासून सुरू. वर किट विकणारे म्हणतात की कोड चुकलाय.

कोड नंतर बघू. सेटअपमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, ‘सुरुवात’ असं छापणारी एक ओळ टाका. मग सर्व्होच्या तिन्ही वायरी काढून बाकी सगळं तसंच चालू द्या. सर्व्हो जोडलाय की नाही, हे प्रोग्रामला कळतच नाही. तो सर्व्होसाठीचे पल्स (विजेचे छोटे इशारे) पाठवत राहतो. आता सिरीयल मॉनिटरवर (बोर्डने छापलेलं दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत) ‘सुरुवात’ एकदाच आली, आणि सर्व्हो लावल्यावर पुन्हा पुन्हा यायला लागली, तर रिस्टार्टचा दोष कोडचा नाही. दोष पॉवरचा. (मॉनिटर उघडताना ऊनो एकदा रिसेट होतोच, तो धरू नका.)

सर्व्हो हलायला लागताना, आणि अडला तर फारच जास्त, काहीशे मिलीअँपिअर ओढतो. यूएसबीवरून येणाऱ्या करंटसाठी ऊनोवरचा फ्यूज ५०० मिलीअँपिअरचा, शिवाय बारीक केबल आणि ब्रेडबोर्डचे ढिले संपर्क. व्होल्टेज क्षणभर कोसळतं, आणि २.७ व्होल्टच्या खाली गेलं की चिप स्वतःला रिसेट करते. मल्टीमीटर मात्र निवांत ५ दाखवतो, कारण एवढी छोटी डुबकी त्याला दिसत नाही. ‘सर्व्हो एकटा नीट चालतो’ यावरही फार विश्वास ठेवू नका. सर्व्हो नुसता इकडून तिकडे फिरवणाऱ्या स्वीपच्या प्रोग्रामात बोर्ड रिसेट झाला तरी सर्व्हो पुन्हा हलायलाच लागतो, कोणाला कळणार?

हे मला कोणी पहिल्याच ईमेलला सांगितलं असतं तर! किटवाल्यांच्या मदत कक्षाने (नाव घेत नाही) आधी ड्रायव्हर पुन्हा टाकायला लावला. मग यूएसबी पोर्ट बदला. मग प्रत्येक वायरीचा फोटो पाठवा. फोटो पाठवले तर उत्तर आलं, कोड आमचा नाही, त्यामुळे जबाबदारी आमची नाही. शेवटी उपकार केल्यासारखा बोर्ड बदलून दिला, तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद केली, आणि नवा बोर्डही तसाच रिस्टार्ट होत राहिला. एवढ्या सगळ्यात सर्व्होला पॉवर कुठून दिलीय, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. विचारणार कसे? त्यांच्याच पुस्तिकेतल्या चित्रात सर्व्होची लाल वायर बोर्डच्या ५ व्होल्ट पिनला गेलेली होती! तुमच्याही पुस्तिकेत बघा, बहुधा तसंच असेल.

उपाय साधा आहे. सर्व्होला वेगळी पॉवर: चार एए सेलचा होल्डर. लाल वायर होल्डरच्या प्लसला, तपकिरी मायनसला, आणि तो मायनस बोर्डच्या ग्राउंडलाही (जीएनडी लिहिलेल्या पिनला) जोडायचा. हा शेवटचा जोड राहिला तर बोर्डकडून सर्व्होला जाणाऱ्या सिग्नलला संदर्भच उरत नाही आणि सर्व्हो वेड्यासारखा थरथरतो. होल्डरचा प्लस बोर्डच्या ५ व्होल्टला मात्र लावायचा नाही. ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी या कामाला वापरू नका, तिच्यात एवढा करंट द्यायचा दमच नसतो. सर्व्होच्या पॉवरला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) लावा असं सांगणारे भेटतील. जरूर लावा, प्लस-मायनस बघून, पण माझ्या मते ते औषध नव्हे, मलमपट्टी आहे.

मी इंजिनिअर नाही, हौशी माणूस. तुम्ही सर्व्होचं मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून निळा एसजी९० हा छोटा सर्व्हो धरून बोलतोय. मोठा सर्व्हो असेल तर त्याचं डेटाशीट बघून पॉवर ठरवा.

‘डिले काढा, मिलिस वापरा’ (प्रोग्राम थांबवून ठेवू नका, घड्याळ बघत चालवा) असा सल्लाही तुम्हाला मिळालाय. सवय म्हणून चांगलीच, या दुखण्यावर उपयोग शून्य. त्यापेक्षा पल्सइनकडे, म्हणजे सेन्सरकडून येणारा पल्स मोजणाऱ्या फंक्शनकडे, बघा. तो पल्स आलाच नाही तर ते एक सेकंद अडून बसतं आणि शून्य परत देतं. तुमची अट ‘अंतर २० पेक्षा कमी’ अशी आहे, म्हणजे समोर कोणी नसतानाही झाकण उघडू शकतं! पल्सइनला तिसरा आकडा (किती मायक्रोसेकंद वाट बघायची तो) ३०००० द्या, आणि शून्य आलं तर ते वाचन सोडून द्या.

आणि सर्व्होला ० ते १८० अंश पूर्ण पळवू नका. स्वस्तातले सर्व्हो टोकाला अडकून गुरगुरत बसतात, तापतात आणि तिथेच सगळ्यात जास्त करंट खातात. १५ ते १६५ मध्ये ठेवा. झाकणाला तेवढं पुरतं.