वाचकांचे प्रश्न : फाइल दाखवणारी विंडो आणि अथेना विजेट्स

प्रश्न : एक्स विंडो सिस्टमवर (युनिक्स-लिनक्समध्ये पडद्यावर विंडो दाखवणारी व्यवस्था) अथेना विजेट्स (बटण, लेबल असे तयार घटक) वापरून मजकुराची फाइल दाखवणारा साधा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला आहे. फाइल पूर्ण वाचून तिचा मजकूर मी एका लेबल विजेटला देतो आणि ते लेबल व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे मजकूर सरकवता येणाऱ्या चौकटीत, ठेवतो. लहान फाइली व्यवस्थित दिसतात. पण 3,000 ओळींची लॉग फाइल उघडली तर शेवटचा भाग कोरा राहतो, आणि 6,000 ओळींची उघडली तर हजार ओळींच्या आतच मजकूर संपतो. मेमरी भरपूर आहे. मग चुकते कोठे?

उत्तर : आपण फाइल बरोबर वाचत आहात आणि मेमरीचाही दोष नाही, अडचण आहे ती लेबलच्या उंचीची. एक्सच्या प्रोटोकॉलमध्ये (प्रोग्राम आणि पडदा सांभाळणारा सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांत) विंडोची लांबी-रुंदी 16 बिटांच्या आकड्यात, तर विंडोतील जागा अधिक-उणे चिन्हासह 16 बिटांच्या आकड्यात सांगितली जाते. त्यामुळे कोणत्याही विंडोत 32,767 पिक्सेलच्या खाली काही काढण्याची सोयच नाही. नेहमीच्या ‘फिक्स्ड’ फाँटची ओळ 13 पिक्सेल उंच असते, तेव्हा साधारण 2,520 ओळींनंतर ही मर्यादा गाठली जाते आणि त्यापुढचा मजकूर विंडोत उमटतच नाही. 6,000 ओळींची उंची होते 78,000 पिक्सेल. लेबल ही उंची ज्या आकड्यात साठवते त्यात 65,535 पर्यंतच मावते, म्हणून 65,536 गळून जातात आणि उरतात 12,464. त्याला 13 ने भागले की 958 ओळी येतात. हजाराच्या आत मजकूर संपतो तो यामुळेच.

काही जण अशा वेळी मजकुराचे तुकडे करून अनेक लेबले एकाखाली एक मांडण्याचा मार्ग सुचवतात. तो मला मुळीच पटत नाही, कारण त्या लेबलांना सामावणारी आतली विंडो तितकीच उंच होते आणि मर्यादा जागच्या जागी राहते. शिवाय एक्सची 11 वी आवृत्ती 1987 मध्ये एमआयटीतून बाहेर आली तेव्हापासून तिची रीत अशी आहे की विंडोतील चित्र सर्व्हरने जपून ठेवावे असे बंधन त्याच्यावर नाही. वरची दुसरी विंडो बाजूला झाली की सर्व्हर ‘एक्स्पोज’ हा इव्हेंट (घटनेची सूचना) पाठवतो आणि उघडा पडलेला भाग पुन्हा काढण्याचे काम प्रोग्रामकडे येते. लेबल मात्र अशा वेळी आपला सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून पुन्हा पाठवते, मग त्यातल्या चाळीसच ओळी दिसत असल्या तरी. प्रोग्राम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असेल, तर हा संथपणा लगेच जाणवतो.

या कामासाठी अथेनामध्ये अ‍ॅस्कीटेक्स्ट हे विजेट आहे आणि आपण तेच वापरावे. त्याच्या ‘टाइप’ या रिसोर्सला (विजेटच्या सेटिंगला) अ‍ॅस्कीफाइल हे मूल्य द्यावे आणि ‘स्ट्रिंग’ या रिसोर्समध्ये मजकुराऐवजी फाइलचे नाव द्यावे, म्हणजे फाइल वाचण्याचा आपला सगळा कोडही काढून टाकता येईल. हे विजेट समोर दिसणाऱ्या ओळींचाच हिशेब ठेवते आणि तेवढ्याच काढते. त्याची विंडो पडद्यावर दिसते तेवढीच उंच राहते, त्यामुळे 6,000 काय, 60,000 ओळींनाही वरची मर्यादा आड येत नाही. ते मुळातच ‘फक्त वाचन’ या स्थितीत असते, म्हणून फाइल बदलली जाण्याची भीती नाही. कंट्रोल-एस दाबल्यास शोधण्याची चौकटही मिळते, तीही एक ओळ न लिहिता.

मांडणीसाठी, एकाखाली एक भाग ठेवणाऱ्या पेन्ड विजेटमध्ये वर बटणांचा बॉक्स आणि खाली अ‍ॅस्कीटेक्स्ट ठेवणे पुरेसे आहे. मात्र अ‍ॅस्कीटेक्स्टची रुंदी व उंची आपण स्वतः द्यावी, कारण न दिल्यास ते जेमतेम एका ओळीएवढे उघडते. फाइल उघडता येते की नाही हे विजेट तयार करण्यापूर्वीच तपासावे. स्क्रोलबारवर डाव्या बटणाने मजकूर पुढे जातो, उजव्याने मागे येतो आणि मधल्याने हवा तेथे नेता येतो. आजच्या सवयीला हे वेगळे वाटले तरी तो आपल्या प्रोग्राममधील बिघाड नव्हे.

प्रश्न : याच पद्धतीने केलेल्या माझ्या प्रोग्राममध्ये मराठी फाइल उघडल्यास अक्षरांच्या जागी विचित्र रोमन चिन्हे दिसतात. फाँट बदलून उपयोग होईल का?

उत्तर : केवळ फाँट बदलून होणार नाही. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; ‘मराठी’ या शब्दाची म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे म्हणजे पंधरा बाइट झाले. अ‍ॅस्कीटेक्स्ट त्यातील प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजते, म्हणून एका ‘म’ऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचे एक चिन्ह आणि वर्तुळातला आर अशी तीन चिन्हे उमटतात.

‘इंटरनॅशनल’ हा रिसोर्स सुरू करून आणि योग्य लोकेल (भाषा व अक्षरपद्धतीची निवड) ठरवून बाइट एकत्र वाचले जातील. पण तेवढ्याने जोडाक्षरे जुळत नाहीत, आणि ‘कि’ मधली ऱ्हस्व वेलांटी फाइलमध्ये क नंतर साठवलेली असली तरी क च्या आधी काढावी लागते, हेही अथेनाला ठाऊक नाही. मराठी वाचकासाठी प्रोग्राम करायचा असेल तर अथेनाशी झगडत बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे. 2002 मध्ये आलेल्या जीटीके 2 या विजेट-संचापासून पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी हे काम करते, आणि तेथेही मजकुरासाठी असेच तयार विजेट आहे.

प्रश्न : विंडोच्या मथळ्यावरील बंद करण्याचे बटण दाबले की टर्मिनलवर जोडणी तुटल्याचा संदेश येतो. तो कसा टाळावा?

उत्तर : ‘बंद करण्याची विनंती मला कळवा’ असे आपल्या प्रोग्रामने विंडो मॅनेजरला (विंडोंच्या चौकटी व मथळे सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) सांगितलेले नाही, म्हणून तो सरळ सर्व्हरशी असलेली जोडणीच तोडतो. मुख्य शेल विजेटच्या (सर्वांत बाहेरच्या विजेटच्या) विंडोवर ‘डब्ल्यूएम डिलीट विंडो’ हा प्रोटोकॉल नोंदवा आणि तो संदेश आला की चालणारी बाहेर पडण्याची क्रिया शेलच्या ट्रान्सलेशन्समध्ये (कोणत्या इव्हेंटला कोणती क्रिया या यादीत) जोडा. ही नोंद शेल रिअलाइझ केल्यानंतरच करावी, कारण त्यापूर्वी सर्व्हरवर ती विंडो अस्तित्वातच नसते.