किनाऱ्याजवळच्या पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तर मासे दुसरीकडे का निघून जात नाहीत?

जातात की! समुद्रात बरेचसे मासे मरण्याआधीच सटकतात, म्हणून तर नुकसान पटकन दिसत नाही.

मी सोलापूरचा, समुद्र इथून लांब. पण मोहोळकडे आमच्या शेततळ्यात कटला-रोहू सोडलेत. रात्री शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे बघावं तर मासे वर येऊन आ वासतायत, कल्ले भराभर हलतायत. तळ्यातून ते जाणार कुठे? पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, म्हणजे एअरेटर, लावावाच लागतो. कटला आधी मरतो, चिलापी बराच तग धरते. मरळ हवेतूनही श्वास घेते, तिला फारशी फिकीर नाही.

समुद्रात लिटरला साधारण 2 मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की बहुतेक माशांना तिथं राहवत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे दर पावसाळ्यात होतं. अरबी समुद्रातलं खोलवरचं, मुळातच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं बसतं, मग वरची हवा खाली पोचत नाही. त्यात मेलेलं प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) तळाशी कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोवा-कर्नाटकसमोर काही ठिकाणी तळाचा ऑक्सिजन पार संपतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदी शेतांमधलं खत आणून ओतते, त्यावर शेवाळ माजतं आणि मेलं की तसंच कुजतं. 2017 साली तिथला कमी ऑक्सिजनचा पट्टा सुमारे 22,700 चौरस किलोमीटर भरला, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या दीडपट.

पळालेले मासे या पट्ट्याच्या कडेला दाटी करतात, आणि तिथं जाळं टाकलं तर मासळी चांगली लागते. अमेरिकेत अलाबामाच्या मोबाइल बे इथं उन्हाळ्यात कधीकधी पहाटे खेकडे, कोळंबी, चपटे मासे गुंगी आल्यासारखे काठाला येतात. लोक टोपल्या घेऊन धावतात, त्याला 'जुबिली' म्हणतात! जास्त मासळी म्हणजे समुद्र खुशाल, हा हिशेब इथं चुकतो.

मागे राहिलेले शिंपले आणि गाळातले किडे पळू शकत नाहीत, ते मरतात. माशांचं खाणंच गेलं. कमी ऑक्सिजनमध्ये मासा खातोही कमी, त्यामुळे वाढ खुंटते. क्रोकर म्हणजे आपल्या घोळीच्या कुळातला मासा. मेक्सिकोच्या आखातात अशा पाण्यातल्या क्रोकर माद्यांची अंडी धड वाढत नाहीत, असं आढळलंय. ती मादी जाळ्यात आली तर वरून धडधाकटच दिसते.