तुलना कोणाशी केली?

तू पाठवलेल्या अभ्यासावरून तुझा प्रश्न असा: रोज एक ग्लास रेड वाइन घेणारे अजिबात न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं आकडेच सांगतात, मग खोट कुठे आहे?

खोट त्या ‘न घेणाऱ्यां’त आहे. त्या गटात जन्मभर न प्यायलेले असतात, तसेच यकृत बिघडल्यावर किंवा डॉक्टरांनी दटावल्यावर सोडलेलेही असतात. आजाऱ्यांशेजारी उभं केलं तर कोणीही ठणठणीतच दिसणार. ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासातून ही शंका १९८८ मध्येच मांडली गेली होती. तरी तू अजून सारांश वाचूनच हुरळतोस! आधी पद्धत वाच. पूर्वी पिणारे वेगळे काढलेत का? उत्पन्न, सिगारेट, आहार हिशेबात धरलेत का? डेन्मार्कमध्ये सुपरमार्केटच्या सुमारे ३५ लाख खरेद्या तपासल्या, तेव्हा वाइन घेणाऱ्यांच्या खरेदीत फळं-भाज्या जास्त निघाल्या, बिअर घेणाऱ्यांच्या खरेदीत चिप्स आणि तयार जेवण. मग हृदय राखलं कोणी, वाइननं की भाजीनं? म्हणून विचारत राहा, तुलना कोणाशी?

रेसव्हेराट्रॉल, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं ते द्रव्य, ज्याला वाइनच्या गुणांचं श्रेय देतात. त्याचा हिशेब तर कागदावरच उरकतो. लिटरभर रेड वाइनमध्ये ते साधारण दोन मिलिग्रॅम धर. गोळ्यांच्या प्रयोगांत दिवसाला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलेलं आहे, म्हणजे अडीचशे लिटर वाइन. उलट १२ टक्क्यांच्या दीडशे मिलिलिटरमध्ये १४ ग्रॅम अल्कोहोल मात्र नक्की मिळतं.

वाइननं एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, थोडं वाढतं, हे खरं. पण टॉर्सेट्रॅपिब या औषधानं ते कितीतरी जास्त वाढवलं होतं, आणि मृत्यू वाढले म्हणून २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. रक्ततपासणीतला आकडा सुधारणं वेगळं, माणूस वाचणं वेगळं.

सरळ तुलना हवी असेल तर चीनमधला पाच लाख लोकांचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वाच. काहींना जनुकांमुळे जन्मतःच दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात; तिथे तुलना त्या जनुकांवरून केली. जनुकं आजारपण बघून वाटली जात नाहीत, त्यामुळे इथे ती जुनी खोट शिरत नाही. ‘थोडी चांगली’ हा फायदा तिथे उरलाच नाही. पुरुषांमध्ये दारूबरोबर पक्षाघाताचा धोका चढतच गेला. तिथे बहुतेक धान्याची कडक दारू पितात, वाइन नाही, असा आक्षेप तू घेशील. घे. इथेनॉल तेच आहे, आणि १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत मद्य कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या, गटात आहे, त्यात वाइनला सूट नाही.

मी हटवादी वाटत असेन. वाटू दे, या एका प्रश्नावर मी ढिलं सोडणार नाही. तू पाठवलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष मला नको. त्यातला पहिला तक्ता, गटांची वयं आणि आजार असलेला, तेवढा पाठव.