बाळदमा इतक्या मुलांना असतो का, आणि सारखा सारखा का उफाळतो?

मुलाला दमा आहे असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं की आईबाबांचे प्रश्न जवळपास ठरलेलेच असतात, इतक्या मुलांना होतो का हा, आमच्याच मुलाला का झाला, आणि आता दर थोड्या दिवसांनी असाच ॲटॅक येत राहणार का. मी लहान मुलांच्या दवाखान्यात समुपदेशक आहे, औषध काय आणि किती ते डॉक्टर ठरवतात, माझं काम घरच्यांशी बोलायचं. एका कुटुंबाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

मुलगा साडेसहा वर्षांचा. आईने एक वही आणली होती, त्यात वर्षभरातल्या चार मोठ्या ॲटॅकच्या तारखा, दोनदा रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं, एकदा ॲडमिट. बाबा बाजूला गप्प बसलेले. आई म्हणाली, "मॅडम, आमचंच काहीतरी चुकतंय ना? बाकी कुणाच्या मुलांना नाही होत असं."

आधी त्या "बाकी कुणाच्या मुलांना नाही" वर बोललो, कारण ते खरं नाही आणि ते डोक्यात असलं की माणूस एकटा पडतो. लहान मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांमध्ये दमा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे. वेगवेगळ्या देशांत मिळून सहा-सात वर्षांच्या मुलांचे जे मोठे सर्व्हे झाले त्यात साधारण दर १० मुलांमागे एकाला मागच्या वर्षभरात छातीत घरघर झालेली होती, देशादेशात फरक खूप आहे पण म्हणजे ४० मुलांच्या वर्गात तीन-चार तरी मुलं असणार, फक्त त्यांचे आईबाबा शाळेच्या गेटवर हे बोलत नाहीत.

आता छातीत घरघर झाली म्हणजे दमाच असं पण नाही हं. सहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांना कधी ना कधी सर्दीबरोबर घरघर होतेच. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉन शहरात १९८० पासून जन्मलेल्या बाळांना वर्षानुवर्षं फॉलो केलं गेलं, १९९५ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि त्यात दिसलं की तीन वर्षांच्या आत ज्यांना घरघर झाली त्यातल्या साधारण ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. लहान बाळाच्या श्वासनळ्याच अरुंद असतात, सर्दीचा व्हायरस आला की त्या सुजतात आणि शिट्टी वाजते, मूल वाढलं की नळ्याही वाढतात. मग ज्यांची थांबत नाही ती मुलं कोणती? आईला किंवा बाबांना दमा असेल, मुलाला एक्झिमा म्हणजे त्वचेवर खाजरे, कोरडे चट्टे असतील, ॲलर्जीची सर्दी असेल, सर्दी नसतानाही धावल्यावर, धुळीत, रात्री घरघर होत असेल, तर दमा असण्याची शक्यता वाढते. या मुलाला लहानपणी कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत एक्झिमा होता, हे ऐकलं आणि मी विचारलं की घरात कुणाला दमा? आईने बाबांकडे पाहिलं. तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले, "मला होता. मोठा झाल्यावर आपोआप गेला, औषध पण नीट घेतलं नव्हतं."

इथे मला त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. एकीकडे आपल्यामुळे मुलाला झालं ही टोचणी, आणि दुसरीकडे आपोआप जाईल मग एवढ्या लहान वयात स्टेरॉइडचा रोजचा पंप, म्हणजे इन्हेलर, कशाला हा आग्रह, दोन्ही एकाच माणसाच्या मनात. मी त्यांना म्हटलं की ॲलर्जीची प्रवृत्ती आईवडिलांकडून येते हे खरं, पण ती कुणी निवडून देत नाही. आणि बऱ्याच मुलांचा दमा वयात येता येता शांत होतो हेही खरं आहे, काहींचा मोठेपणी परत येतो, ज्यांचा लहानपणीच तीव्र असतो त्यांचा राहण्याची शक्यता जास्त. पण दहा वर्षांनी जाईल म्हणून आजच्या रात्रीचा ॲटॅक सोसायचा, याला मी तरी कधी हो म्हणणार नाही.

मग आईचा खरा प्रश्न, सारखा का येतो. अमेरिकेतली सरकारी आकडेवारी बघितली तर दमा असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना वर्षात एकदा तरी ॲटॅक येतो. म्हणजे उरलेल्या निम्म्यांचं वर्ष ॲटॅकशिवाय जातं! हे ऐकून आईबाबा नेहमी थबकतात कारण त्यांनी धरूनच चाललेलं असतं की दमा म्हणजे ॲटॅक येणारच. मात्र ज्याला मागच्या वर्षात मोठा ॲटॅक आलाय त्याला पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे आईची भीती उगाच होती असं मी म्हणाले नाही, म्हणूही नये.

ती वही मात्र फार कामाची निघाली. मी आईला म्हटलं प्रत्येक तारखेसमोर दोन गोष्टी लिहा, त्याच्या आधी सर्दी होती का, आणि रोजचा पंप त्या वेळी चालू होता का. चारही वेळा आधी दोन-तीन दिवस सर्दी. शाळकरी मुलांच्या दहापैकी साधारण आठ ॲटॅकच्या वेळी सर्दीचा एखादा व्हायरस सापडतो, आणि सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की ॲटॅक वाढतात हे अनेक देशांत दिसलंय, यांच्या वहीतही दोन तारखा शाळा उघडल्यानंतरच्याच होत्या. दुसऱ्या रकान्यात तीन ठिकाणी "बंद". मूल बरं दिसत होतं, खोकला नव्हता, म्हणून बाबांनी बंद केला होता, आणि आईला वाटत होतं की डॉक्टरांनीच तसं सांगितलंय. त्यावरून दोघांचं माझ्यासमोरच वाजलं, थोडा वेळ वाजू दिलं मी.

रोजचा पंप आणि ॲटॅकचा पंप यातला फरक बहुतेक घरांत नीट कळलेला नसतो. ॲटॅकच्या वेळचा पंप, बहुतेकदा निळा असतो तो, नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो, काही मिनिटांत बरं वाटतं आणि चार-सहा तास टिकतं. आतली सूज तो कमी करत नाही. सूज कमी करतो रोजचा, आणि तो हळूहळू काम करतो त्यामुळे घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, थांबवल्यावरही लगेच जाणवत नाही, म्हणूनच लोक फसतात. राखेखाली निखारा असावा तशी सूज आत राहते, वरून मूल छान खेळतंय, मग एक सर्दी आली की भडका.

बाबांचा स्टेरॉइडचा प्रश्न मी टाळला नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दमा असलेल्या हजाराहून जास्त मुलांना काही वर्षं औषधं देऊन पुढे मोठेपणापर्यंत बघितलं, २०१२ मध्ये निष्कर्ष आला की रोजचा स्टेरॉइड इन्हेलर घेतलेल्यांची उंची सरासरी साधारण सव्वा सेंटिमीटर कमी भरली. आहे ना परिणाम, आहे. पण ॲटॅक आला की तोंडाने स्टेरॉइड द्यावं लागतं, २० किलोच्या मुलाला दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा जास्तही, आणि रोजच्या पंपातून कमी डोस म्हणजे दिवसाला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, औषधं वेगळी आहेत त्यामुळे सरळ भागाकार करता येत नाही पण अंदाज येतो. वर्षात चार ॲटॅक म्हणजे चार वेळा तो मोठा डोस. बाबा बराच वेळ बघत राहिले वहीकडे. मग म्हणाले, "म्हणजे मी कमी द्यायच्या नादात जास्त दिलं." मी म्हटलं, हे डॉक्टरांसमोर बोला, आणि तीन महिने चांगला कंट्रोल राहिला की डोस कमी करता येतो का तेही त्यांनाच विचारा, स्वतः बंद करू नका.

नर्सने पंप घ्यायची पद्धत बघितली तर मुलगा स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती प्लास्टिकची पोकळ नळी, न लावता थेट तोंडात दोन पफ एकदम मारत होता, म्हणजे बरंचसं औषध जिभेवर आणि घशात. स्पेसर लावून, पंप हलवून, एका वेळी एकच पफ, पाच-सहा शांत श्वास, मग दुसरा, रोजच्या पंपानंतर चूळ. पाच मिनिटांचं काम, पण त्याने फार फरक पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं मला मुलाशी एकट्याशी बोलताना कळलं. म्हटलं, खोकला येतो तेव्हा तू काय करतोस? म्हणाला, "उशीत तोंड घालतो." का रे? "आईला कळलं की ती रडते." शाळेत धावायचंही त्याने सोडलं होतं, सरांना सांगायचा की मला आवडत नाही. म्हणजे आईबाबांना ॲटॅक "अचानक" येतोय असं वाटत होतं तो अचानक नव्हताच, दोन रात्री आधीपासून पोरगं लपवत होतं, आणि सुरुवातीच्या त्या दोन रात्रीच तर उपाय करायच्या. असं मी बऱ्याच मुलांत पाहिलंय, मुलं आजाराला जितकी घाबरतात त्यापेक्षा आईच्या चेहऱ्याला जास्त घाबरतात.

आईला हे सांगताना शब्द जपून वापरावे लागले, कारण ती आधीच स्वतःला दोष देत होती, रात्री दर तासाला उठून त्याच्या छातीला कान लावत होती. तिला मी रडू नका असं नाही सांगितलं, ते शक्य पण नाही. एवढंच ठरवलं की त्याने खोकला आला म्हटलं की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" आणि मग प्लॅनचा कागद काढायचा. तो कागद डॉक्टरांनी लिहून दिला, हिरवा-पिवळा-लाल, सर्दी सुरू झाली की काय, खोकला वाढला की कोणता पंप किती, आणि कधी घरी न थांबता निघायचं. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडत असेल, किंवा निळ्या पंपाचा परिणाम चार तासही टिकत नसेल, तर थेट हॉस्पिटल. रात्रीची जबाबदारी बाबांनी घेतली, तेवढ्यानेच आईची झोप सुरू झाली. शाळेत सरांना पण एक कॉपी दिली.

पुढच्या वर्षात त्याला एकच ॲटॅक आला, शाळा उघडल्यावरच, त्याने स्वतः पहिल्या रात्री सांगितलं, प्लॅनप्रमाणे घरीच आटोक्यात आला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखवून आणलं. धावायला लागलाय परत.

मागच्या वेळी आईचा नवीन प्रश्न होता, धाकटी दीड वर्षांची आहे, तिलाही दोनदा घरघर झाली, आता हिलाही होणार का? बाबांना होता, भावाला आहे, म्हणजे शक्यता इतरांपेक्षा जास्त, पण या वयात सर्दीबरोबर होणारी घरघर पुष्कळदा थांबते, आज कुणी खात्रीने सांगू शकत नाही. तिच्या आसपास कुणी सिगारेट ओढू नये, गॅलरीत जाऊन ओढतो वगैरे पण नको, आणि सर्दी नसताना घरघर झाली किंवा एक्झिमा दिसला तर डॉक्टरांच्या कानावर घाला, एवढं सांगितलं. तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि वर धाकटीचं नाव लिहिलं, आणि यावेळी दोन रकाने आधीच आखून घेतले.