वेग खरंच उतरला का?

प्रश्न : परभणीत आमच्या गल्लीचा रस्ता अरुंद केला. गाड्या सावकाश जातात म्हणे, पण शेजारच्या गल्लीत वर्दळ वाढलेली दिसते. मोजायचं कसं?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, रस्त्याकडेला एकमेकींपासून ५० मीटरवर चुन्याच्या दोन रेघा मारा, मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात : ६ सेकंद म्हणजे ३०, ३.६ म्हणजे ५०. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लावून पंच्याऐंशीवा आकडा बघा, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून सावकाश जातात तो वेग. नुसत्या सरासरीत सुसाट पोरं लपतात. शेजारच्या गल्लीत गाड्या मोजा, बाजाराचा वार टाळून. आधीचे आकडे नाहीत? मग न बदललेली तशीच एखादी गल्ली तुलनेला धरा. आणि आडोशाला बसा. मी एकदा वही घेऊन चौकात उभा राहिलो, तर पोरं मला पोलीस समजून ब्रेक दाबायची!