वाचक विचारतात : फ्लामेंकोतला तुमचा लाडका शब्द कोणता?

प्रश्न : ताई, मी कथक शिकते. गेल्या महिन्यापासून फ्लामेंकोचे, म्हणजे स्पेनच्या त्या गाण्या-नाचाचे, व्हिडिओ बघायचं वेड लागलंय. जो तो 'दुएन्दे, दुएन्दे' करत असतो, ते नेमकं काय आहे? आणि तुमचे आवडते शब्द कोणते? अजून एक, त्यांचे बारा ठोके मला काही केल्या मोजता येत नाहीत, एकतालात नाचणाऱ्या मुलीला बारा जमू नयेत म्हणजे काय! — एक वाचक, सातारा

उत्तर : दुएन्दे आधी उरकून टाकते, कारण तो काही माझा लाडका नाही. मुळात दुएन्दे म्हणजे घरात लपून खोड्या काढणारं गोष्टीतलं छोटं भूत. गाण्या-नाचात अंगावर काटा आणणारी जी ताकद असते तिलाही तेच नाव. स्पॅनिश कवी लोर्काने १९३३ साली ब्युनोस आयर्सला त्यावर भाषण दिलं, ज्यात काळे सूर असतात त्यात दुएन्दे असतो हे हेरेसच्या मानुएल तोरे या गायकाचं म्हणणं त्यात सांगितलं, आणि तेव्हापासून जरा बरं गाणं झालं की लोक दुएन्दे चिकटवून मोकळे होतात. बिचारं भूत दमलं असेल आता.

माझा लाडका शब्द हालेओ. (माद्रिदवाले खालेओ म्हणतील, पण दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात ख असा हलका होतो.) अर्थ एकदम सोपा, गोंधळ! आणि कार्यक्रम चालू असताना ओले, एसो एस असं ओरडून कलाकाराला चढवतात त्यालाही हालेओच म्हणतात. आता आपल्याकडे बघ, पोरांनी घातला तो पण गोंधळ आणि अंबाबाईचा घालतात तो पण गोंधळ. मला हे कळलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

पण हा गोंधळ कसाही घालून चालत नाही हं. सेव्हियात (म्हणजे सेव्हिल) त्रियाना वस्तीतल्या एका छोट्या ताब्लाओत, म्हणजे फ्लामेंकोचे कार्यक्रम होतात तिथे, मी पहिल्यांदा गेले होते, ठेका अंगात भिनला आणि मी आपली जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले, तेवढ्यात गायकाने तोंड उघडलं आणि शेजारच्या आजोबांनी काही न बोलता माझे दोन्ही हात धरून मांडीवर ठेवले. मग स्वतःचे तळवे खोलगट करून एकमेकांवर हळूच आपटून दाखवले, बद्द बद्द असा आवाज. त्या पाल्मास सोर्दास, म्हणजे बहिऱ्या टाळ्या. गाणं चालू असताना या, आणि नाच रंगात आला की बोटं दुसऱ्या तळव्यावर मारून कडक वाजवायच्या त्या क्लारास. मला कान लाल होईपर्यंत लाज वाटली, पण धडा जन्माचा मिळाला.

आता तुझे बारा. कोम्पास म्हणजे तिथलं तालाचं आवर्तन. एकताल दोन-दोनच्या सहा विभागांत जातो आणि तुझा हात तीच सवय घेऊन बसलाय, तिथेच घोळ होतो. सोलेआ नावाच्या गाण्याच्या प्रकारात वजन पडतं ३, ६, ८, १० आणि १२ वर, म्हणजे आधी दोनदा तीन आणि मग तीनदा दोन. शिवाय सम पहिल्या मात्रेवर शोधायला जाऊ नकोस, वाक्य दहावर येऊन टेकतं आणि उरलेले दोन श्वासासारखे जातात. म्हणून क्लासमध्ये अकरा-बारा म्हणतच नाहीत, दिएस (दहा) झालं की परत उन, दोस (एक, दोन) म्हणतात आणि मग पुन्हा उन, दोस, त्रेस. मला वाटायचं सर मोजायला चुकतायत!

बाकी शब्द पटपट सांगते. ताब्लाओ हा मूळ ताब्लादो, म्हणजे फळ्यांचा मंच, बोलताना मधला द गिळला आणि तसाच लिहायला पण लागले, बाइलादोरचा बाइलाओर, केहीदोचा केहीओ. केहीओ म्हणजे कण्हणं, गायक सुरुवातीला जे लांबच लांब 'आय' घेतो ते. पालो म्हणजे काठी, पण पत्त्यांतलं बदाम-इस्पिक पण पालोच आणि सोलेआ, बुलेरिआ, सेगिरिया हे गाण्याचे प्रकार पण पालोच. काखोन म्हणजे साधा खोका, ज्यावर बसून वाजवतात, पण तो स्पेनचा नाहीच, गिटारवादक पाको दे लुसियाने १९७०च्या दशकात पेरूमधून आणला.

आणि पेयीस्को विसरत होते! पेयीस्को म्हणजे चिमटा. एखादी बाई नुसता खांदा वळवते, एवढंसंच काहीतरी, पण आपल्याला कुठेतरी कळ येते, मग म्हणतात हिच्यात पेयीस्को आहे. दुएन्देपेक्षा मला हाच जवळचा, यात भूतबित काही नाही, सरळ चिमटा.

तर आता मांडीवर बहिऱ्या टाळीने तीन-तीन-दोन-दोन-दोन धर, तोंडाने दहापर्यंतच मोज, आणि घुंगरू आठ दिवस कपाटात ठेव. जमलं की कळव, नाही जमलं तरी कळव.