लक्झेंबर्गची फुकट बस कुणाची?

प्रश्न : माझा भाचा लक्झेंबर्गला असतो, तो म्हणतो तिथं बस-ट्रेनला तिकीटच नाही, हे तिथल्या लिबरल पक्षानं केलं का? – एक काका, सिंहगड रोड

उत्तर : एकट्यानं नाही हो काका. १ मार्च २०२० ला तिकीट बंद झालं तेव्हा पंतप्रधान होते झाव्हिए बेटेल, लिबरल विचारांच्या डेमोक्रॅटिक पार्टीचे, पण सरकार सोशलिस्ट आणि ग्रीन्सला सोबत घेऊन चाललेलं आणि वाहतूक खातं ग्रीन्सकडे होतं. ट्रेनच्या फर्स्ट क्लासला मात्र पैसे पडतात. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशी तिकिटाचे पैसे वाचवायला दोन स्टॉप चालत जातात, भर उन्हात, हातात चपला तुटलेल्या, ते बघून वाटतं पुण्यात हे व्हायलाच पाहिजे.